सहाच्या गाडीला बाराची बॅटरी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी एकदा माझ्या तावडीत कसा सापडला, ते ऐका. पार्किंगमधल्या बंद गाड्या दसऱ्यानंतर भंगारात द्यायचं त्याने ठरवलं. त्यात माझी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल पहिली. मी म्हटलं, "दसऱ्याला सुरू करून दाखवते." व्हिडिओ बघून इंजिन मी उघडलं, मीच बसवलं, वायरिंगही मीच केलं. फक्त बॅटरी आणायला आमच्या ह्यांना कल्याणला पाठवलं.

दसऱ्याला गाडीला हार घातला, किक मारली, गाडी सुरू. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, लाइट लावा." हेडलाइट अशी लख्ख पेटली की ह्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत पुढचा-मागचा दोन्ही बल्ब उडाले.

"अहो, गाडी सहा व्होल्टची आहे. बॅटरी कितीची आणलीत?"

"बाराची. दुकानदार सहाचीच काढत होता. म्हटलं, सणासुदीला कमीचं कशाला?"

सेक्रेटरी हसला. "लाइट नाही म्हणजे गाडी बंदच धरायची. उद्या टेम्पो येईल."

"अजून हॉर्न राहिलाय," म्हणत मी बटण दाबलं. सहाचा हॉर्न बाराच्या बॅटरीवर असा किंचाळला, की तिन्ही विंगच्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. सेक्रेटरीने कान झाकले. "काकू, पुरे करा हो."

मी अंगठा काढला नाही. "आधी म्हणा, गाडी चालू आहे."

"चालू आहे, काकू."

"मला काय सांगता? वर बघून सगळ्यांना सांगा."