दोनशे वॅटची फुसफूस

नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एकलहऱ्याचे गोरक्षआप्पा होते. त्यांनी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर आदळला आणि नईम मेकॅनिकला धारेवर धरलं.

"तुझ्या या डब्यापायी बायको घर सोडून गेली, नईम!"

"आप्पा, झालं तरी काय?"

"घरात फुसफूस सुरू झाली. लंकाबाई म्हणाली, साप हाय. तडक नाशिक रोडला बहिणीकडं गेली. सर्पमित्र बोलावला. त्यानं सोफा उलटा केला, कपाट हलवलं, अन् शेवटी म्हणतो, काका, साप स्पीकरात हाय!"

"गेनचं बटण कुणी फिरवलं? मी अर्ध्यावर ठेवून लाल टिकली लावली होती."

"ती टिकली तुझी? मला वाटलं, लंकाबाईची चिकटली. काढून टाकली अन् बटण फुल केलं. दोनशे वॅटचा घेतलाय, शंभरावर का भागवू?"

"अहो, ते ताकदीचं बटण नाही. तुम्ही गाणी लावता त्या रिसिव्हरकडून येईल ते किती मोठं करायचं, एवढंच ते ठरवतं. फुल केलं की रिसिव्हरची बारीक सरसरही मोठी होते. आवाज रिसिव्हरवरून वाढवायचा."

"मग बायको कोण आणणार?"

"लावा फोन. काकूंना सांगतो, साप नव्हता, बटण होतं."

"खबरदार! बटणाला भिऊन पळाली म्हणून बहीण जन्मभर हसेल तिला. साप होता म्हण, धरला म्हण."

"बरं. धामण सांगू?"

"माझी बायको धामणीला भिते काय? नाग सांग!"