निजवलेले मूल

सुज्ञ वाचकहो, सदर लेखात आमच्या सफ्रू गावातील टेलिफोनच्या दुकानी, चेरीच्या हंगामात, भर दुपारी घडलेले एक संभाषण यथातथ्य सादर होणार आहे. बोलणाऱ्या तम्मूबाई या वृद्ध व कष्टाळू स्त्री. त्यांची कन्या इत्तो, वय वर्षे सव्वीस, ही जन्मतः डाऊन सिंड्रोम असलेली आहे. तिचे पती मिलूद खोगीरवाले हिवाळ्याच्या तोंडी निवर्तले, तेव्हा ती दोन महिन्यांची गरोदर होती. आमच्याकडे अशी समजूत आहे, की मंत्र-ताईत करणाऱ्या फकीकडून गाठी मारलेला ताईत आणला असता पोटातले मूल निजवता येते, आणि गाठी सोडल्या की ते उठते. पलीकडे कासाब्लांकाहून तम्मूबाईंची धाकटी बहीण बतूल बोलत होती. तिचे शब्द लेखकाच्या कानी आले नाहीत. सबब ते येथे नाहीत.

हॅलो? … हॅलो, बतूल? … हो, मीच, तम्मू. … बरी कसली, ऐक. … नाही, इत्तो ठीक आहे. इथेच उभी आहे, काचेवर बोटाने रेघा ओढतेय. … अगं, मुलांचं नंतर सांग! आधी तो ताईत बाहेर काढ. … कुठला काय? मेंदीच्या डब्यातला!

… हो, तोच. घरात ठेवू नका, लांब ठेवा, असं फकी म्हणाला होता, म्हणून तर तुझ्याकडे दिला. … हळू कशाला बोलू? दुकानदार सी अल्लालने ऐकलं तर ऐकलं. त्यालाही आईनेच जन्म दिलाय.

… ऐक ना. सुईण आली होती सकाळी. लाकडी नळी पोटाला लावली. इकडे लावली, तिकडे लावली. … ठोके? एकदा म्हणाली आहेत, एकदा म्हणाली नाहीत. पण हालचाल नाही, बतूल. मी सकाळी हात ठेवते, पीठ मळताना उठून ठेवते, ती झोपली की ठेवते… गार दगड. … वाढतंय की पोट! नऊ महिने भरले. पोट वाढतं आणि आतला हलत नाही. सुईण म्हणाली, उद्याच्या उद्या फेस शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या, नाहीतर… नाहीतर काय ते बोलली नाही. नळी पुसली आणि गेली.

… माझी चूक? … बरं, माझी. मी कुठे नाही म्हणते? … अगं, अशा मुलींना मूल होतच नाही, हे सगळेच म्हणत होते ना? तूसुद्धा. लग्नात केवढ्या खात्रीने म्हणालीस! आणि राहिलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, निम्म्याजणींना होतं. आणि होतं त्यातलं निम्मं आईसारखं. … मी साठीची, बतूल. मिलूद मातीत गेला. एकीला घास भरवता भरवता माझे केस पिकले, दुसऱ्याला कोण भरवणार? … मारलं नाही मी! निजवलं. जरा उसंत मिळेपर्यंत निजवलं.

… काय? … निजू दे म्हणतेस? … वा गं वा! तुझ्या अंगणात पाच धावतात, आणि माझं एक निजलेलंच बरं! … नाही, रडत नाहीये. … निघालं आईसारखं तर निघू दे. काय वाईट आहे माझी इत्तो? … जा, डबा आण. सातही गाठी सोड आणि ताईत वाटीभर पाण्यात टाक. जा, मी धरते फोन.

(येथे तम्मूबाई रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात कन्येच्या पोटावर होता. रस्त्यावर चेरीवाला ओरडत होता.)

हं, बोल. … सुटलेल्या म्हणजे? … सातही? … तू सोडल्यास? … मग कोणी? … ईदपासून डबा उघडलाच नाहीस, मग… ईदला कोण आलं होतं तुझ्याकडे? आम्ही दोघीच की…

इत्तो. इकडे बघ. मावशीकडच्या ताईताच्या गाठी कोणी सोडल्या?

“मी.”

बतूल, ही म्हणते हिनेच. … थांब, विचारते. अगं पोरी, मग तो उठला का नाही?

“उठलाय. तेव्हापासून जागाच आहे.”

मग हलत का नाही?

“तू हात ठेवतेस म्हणून. तुझा हात आला की गप्प होतो. श्वास धरून बसतो.”

(तम्मूबाईंनी हात असा मागे घेतला, जणू तव्याला लागला.)

… हॅलो. … हो, आहे. … ऐकलंस ना? … नाही, हसत नाहीये ती. … बतूल, आतून कोणीतरी मला ओळखतं गं. … काय करू? ती म्हणते, बाहेर जा. … जाते. लांब जाते. तू बोल तिच्याशी.

(तम्मूबाई रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीशी गेल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.)

हॅलो? मावशी? … हो. गेली. … पाठ केलीये तिने. … आता हलतोय. थांब, तुला देते.

(इत्तोने रिसीव्हर पोटाला टेकवला. तिच्या झग्याचे कापड आतून सरकताना लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तिने दोन्ही हात वर धरले होते, स्पर्श होऊ नये म्हणून.)

ऐकलंस? … हो ना. मलापण रोज तेच म्हणतो. … रडू नकोस, मावशी. … नको, आईला नको सांगू. ती परत निजवेल. … फेसला? जाईन की. सुईणीने सांगितलंय तर जाईन. पण आई नको. तू ये. … पहाटेच्या बसने ये. … काही आणू नकोस. ताईत नको, काही नको. … माझा आहे तो. … हो. ठेवते.

येथे इत्तोने फोन ठेवला. वाचकांनी हे शेवटपर्यंत वाचले, याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
अल्लाल बेन मूहा, टेलिफोनचे दुकान, सफ्रू