यंत्रज्ञाच्या मनात काय होतं

– नाही, नाही, बोलू नका सर, जीभ जड झालीय तुमची, उगाच चावून घ्याल. भूल नीट चढू द्या, मग दाढ काढू. तोवर मी बोलतो, तुम्ही ऐका. रविवारी वाचक मंडळात तुम्ही बोललात, मी ऐकलं, आता फिट्टंफाट. तर काय म्हणत होतो – ती अंतराळातली कादंबरी. आमच्या वडिलांच्या पिढीनं डोक्यावर घेतलेली, आणि तुम्ही तासाभरात तिची हवा काढलीत. यान झकास, ग्रह झकास, कल्पना तर काय, अजून शंभर वर्षं शिळी व्हायची नाही – पण माणसं? सपाट. कप्तान म्हणजे नुसता कप्तान, डॉक्टर म्हणजे नुसती डॉक्टर, आणि यंत्रज्ञ तर विचारूच नका – नाव नाही, गाव नाही, इंजिनाशिवाय तोंडात दुसरा विषय नाही. असा माणूस जगात असतो का हो, असं तुम्ही विचारलंत. तेव्हा आमची ही काय म्हणाली? ‘असतो. मी त्याच्याशी संसार करते.’

सगळ्यांनी दात काढले. तुम्ही तेवढे तोंड मिटून बसलात – माझं लक्ष होतं, धंद्याची सवय, कुणी हसलं की मी आधी दात बघतो, मग माणूस. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भांडत नाही हो, भांडली असती तर जिवात जीव आला असता. माळ्यावरची बॅग खाली काढलीय, पुसून ठेवलीय. भरली नाहीये अजून. कुठे निघालीस म्हणून मी विचारलं का? नाही विचारलं – विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आत्ता बाहेर टेबलाशी बसलीय, तुम्हाला आत तिनंच सोडलं की. मधे ही फळ्यांची भिंत, तीही वर उघडी, सगळं ऐकू जातं पलीकडे. जाऊ दे, ऐकू दे.

गाल जड वाटतोय ना? छान. तर तुमचं म्हणणं, यंत्रज्ञाच्या मनात घालमेल हवी होती. तो प्रसंग आठवा – यानाला भोक पडलंय, हवा चाललीय, मागच्या खोलीत दोघं अडकलेत, त्यातला एक रोज याच्या शेजारी जेवायला बसणारा. यंत्रज्ञ जातो, दार लावतो, चाक फिरवून घट्ट करतो आणि हात पुसतो. अर्ध्या पानात कारभार आटोपला. तुम्ही म्हणालात, लेखक इथे हरला. मला विचाराल तर – विचारणार नाही तुम्ही, पण विचाराल तर – अंगावर काटा येतो तो तिथेच. त्याचा हात थरथरला असता तर वाटलं असतं, थांबेल हा, चार माणसांसारखा आहे. चार माणसांसारख्या माणसाचा अंदाज बांधता येतो सर. या असल्यांचा नाही. आत काय चाललंय ते पानावर नाही, म्हणजे आत काही नाहीच, असं धरून चालता तुम्ही शिकवणारे लोक. अहो, त्याला बोलता येत नसेल. ना अध्यात ना मध्यात असा माणूस, सकाळी उठतो, कामाला लागतो, म्हणून काय त्याला कळत नाही?

जरा डावीकडे वळा. दिवा डोळ्यांवर येईल, मिटा हवं तर. हं – हा वरचा पुढचा दात, कोपरा उडालेला, बसवून देतो म्हणत होतो, तुम्ही टाळत आलात. बरं झालं टाळलंत. हिच्या उशाशी ती कादंबरी असते, त्यात खुणेला पेन्सिल होती. चावलेली. दुसऱ्या कुणी पेन्सिल बघितली असती, मी चावा बघितला. एक पूर्ण खळगा, शेजारी अर्धा, मग पुन्हा पूर्ण. हिचे दात एका रेषेत आहेत, मीच सांभाळलेत. म्हटलं, पुस्तक उसनं नेलं असेल सरांनी, पेन्सिल राहिली असेल आत, त्यात काय एवढं. म्हणून ती काढली आणि नवी कोरी ठेवली. आठवडाभरानं बघतो, तर तीही चावलेली, तोच चावा. – हलू नका. हत्यार आहे माझ्या हातात.

आता हे काही मी बोलणार नव्हतो. शपथेवर. दाढ काढायची आणि तुम्हाला घरी पाठवायचं, असं ठरवून हात धुतले होते. कुणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. पण बोललोच आहे तर – तुमचं ऐकते ती. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकते. तिला एवढंच सांगा, की यंत्रज्ञ सपाट नव्हता, लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही. पुढच्या बैठकीत सांगा, माझ्या घरी येऊन सांगा, मी नसताना सांगा, मला चालेल. मला ती हवीय सर. ती गेली तर मी काय करेन ते मलाही ठाऊक नाही, आणि एरवी मी काय करेन ते मला आधीच ठाऊक असतं.

थांबा, कापूस संपला. – अगं, कापूस दे जरा आत. – ऐकलंस का? – खुर्ची सरकली, आणतेय वाटतं. – अगं? –

ते बाहेरचं दार. ओढून घेतलं की असंच वाजतं.

नाही, तुम्ही नका उठू. ती जाईल तिकडे तुम्हाला जायचंय, कळतं मला, पण भूल चढलीय, ती वाया का घालवायची? डोकं मागे टेका. तोंड उघडा. आणखी. आणखी मोठं.