मोठा पॅक

गुहागरच्या नाक्यावर विनीतच्या रिचार्जच्या दुकानात जनीकाकी उभ्या होत्या.

"विनीत, यंदा सगळ्यात मोठा पॅक मार."

"काकी, आधीचाच डेटा रोज फुकट जातोय. नुसतं बोलायला असा लागतो कितीसा?"

"अरे, लवू कुवेतवरनं म्हणतो, व्हिडिओ नको आये, तुझा डेटा संपतो. चार महिने तोंड नाय बघितलं त्याचं."

"संपतो कसला! तासभर बघत बसलात तरी उरेल. सांगा त्याला."

"खरंच उरेल?"

"अर्धा उरेल, काकी!"

काकींनी हातातल्या नोटांतल्या दोन परत बटव्यात ठेवल्या.

"नको. आहे त्याहून लहान मार."

"आता काय झालं?"

"हे कळलं, तर त्याला दुसरं निमित्त शोधायला लागेल रे. नाय सापडलं, तर फोनच करायचा नाय तो."