धुळीच्या घरात अडकलेलं फडकं

फडकं आमचं आहे आणि धूळ त्यांची आहे. एवढी साधी गोष्ट, पण दुपारपासून त्या मॅनेजरच्या डोक्यात शिरत नाही. आता हवालदारसाहेब म्हणतात की आधी नाव, वय, धंदा, पत्ता, मग तक्रार. नाव वरच्या चौकटीत लिहून झालंय, ते पुन्हा सांगणार नाही. वय सत्तेचाळीस. धंदा, एका तीन मजली कचेरीची साफसफाई, एकोणीस वर्षं. शिक्षण चौथी. राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटचं घर, तळमजला. मी आज रविवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन, कोणी शिकवल्याशिवाय, सांगते ते असं की,

माझ्या घरी मी, माझे पती, मुलगी बबडी आणि सासूबाई असे चौघं राहतो. पूर्वी पाच होतो. पती शाळेची व्हॅन चालवतात. बबडी सतरा वर्षांची आहे, सासूबाई त्र्याहत्तर. सासरे काचा बसवायचे, घरांच्या खिडक्यांना, कपाटांना, दुकानांना. अकरा महिन्यांपूर्वी ते गेले. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही. फक्त काचेचं काम करायचे एवढं लिहून ठेवा, ते पुढे लागेल.

मला सुट्टी रविवारची. पती शनिवारी घरी आले ते एक कागद घेऊन. त्यावर छापलं होतं, धुळीचं घर, एकतीस वर्षं झाडू नाही, जगात एकमेव, लहान-थोरांनी अवश्य पाहावे. मी म्हटलं, "अहो, सहा दिवस मी लोकांची धूळ पुसते आणि सातव्या दिवशी तुम्ही मला तिकीट काढून धूळच दाखवणार?" ते म्हणाले, "अगं, तुझ्यासाठी नाही, आईसाठी. बागेत नेलं तर ती बाकावर बसेल. बसायचंच असेल तर ते घरी चालूच आहे." सासूबाई नेहमीप्रमाणे "नको" म्हणाल्या. पतींनी त्यांना पुढच्या सीटवर नेऊन बसवलं, पट्टा लावला. सोबत डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि सासूबाईंची पर्स होती. पर्स त्या कोणाच्या हाती देत नाहीत.

साडेबाराला पोहोचलो. सदर ठिकाण म्हणजे एक बैठं, तीन खोल्यांचं घर आहे, मागे गाड्या लावायला जागा. दाराशी पाटी आहे, हात लावू नये, फुंकर मारू नये, शिंक आल्यास अंगणात जावे. आत फळ्यांची वाट केली आहे आणि दोन्ही बाजूंना दोरी. लोकांनी फळ्यांवरून चालायचं आणि दोरीपलीकडची धूळ बघायची. मी सांगते साहेब, धूळ खरोखरच बघण्यासारखी आहे, खोटं कशाला बोलू. टेबलावर बोटभर थर. पलंगाखाली तर उशीसारखी. जळमटं अशी की कोणी मुद्दाम विणली असावीत. माझे हात सारखे शिवशिवत होते म्हणून मी ते मागे बांधून चालले. हवं तर बबडीला विचारा.

मॅनेजर स्वतःच माहिती सांगत होते. गळ्यात शिट्टी, हातात काठी. त्यांनी सांगितलं की या घरात एक जोडपं राहत होतं. झाडू कोणी मारायचा यावरून दोघांचं भांडण झालं. ती म्हणाली मी मारणार नाही, तो म्हणाला मी मारणार नाही. दोघंही शब्दाला पक्के निघाले. एकतीस वर्षं तशीच काढली आणि म्हातारपणाने गेले, दोघंही एकाच वर्षी. जमिनीवर धुळीत त्यांच्या पायवाटा आहेत, पलंगापासून चुलीपर्यंत त्याची, दारापासून चुलीपर्यंत तिची. हे ऐकून माझे पती माझ्याकडे बघून हसले. मी तिथेच म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? आपल्याकडे असं झालं असतं तर तिसऱ्या दिवशी तुम्ही शोधूनही सापडला नसता." सगळी रांग हसली. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, हसू नका, धूळ उडते."

मधल्या खोलीत खिडकी आहे. सहा तावदानांची, सगळी मातीच्या रंगाची झालेली, आरपार काही दिसत नाही. तिच्यासमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी. दोन्ही पायवाटांचे फाटे तिथे येऊन मिळतात. मॅनेजर म्हणाले की भांडण असलं तरी रोज संध्याकाळी दोघं इथे बसत. तेव्हा माझ्या सासूबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "बाहेरचं दिसत नव्हतं, तर बसत कशाला होते?" मॅनेजर म्हणाले, "आजी, ते कोणालाच माहीत नाही. पुढे चला." मी सासूबाईंकडे वळून बघितलं, कारण अकरा महिन्यांत त्यांना एवढं लांब वाक्य बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तिथे पाहुण्यांसाठी एक स्टूल आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना त्यावर बसवलं आणि बबडीला सांगितलं की आजीजवळ थांब. बबडी थांबली नाही. तिला न्हाणीघरातल्या आरशाचा फोटो हवा होता. हा दोष बबडीचा आणि थोडा माझा, तो मी कबूल करते. पतींना त्याच सुमारास शिंक येऊ लागली, म्हणून ते नियमाप्रमाणे अंगणात गेले. नियम आम्ही पाळले नाहीत असं मॅनेजरनी इथे आमच्याविरुद्ध दिलेल्या अर्जात आहे, ते तेवढ्यापुरतं खोटं आहे.

मी, बबडी आणि मॅनेजरसकट सगळी रांग मागच्या खोलीत अंदाजे पंधरा मिनिटं होतो. तेवढ्यात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. जमिनीवरून कळलं ते सांगते. सासूबाई दोरीखालून गेल्या. दोन पायवाटा सोडून बाजूने गेल्या, जुन्या वाटा मोडल्या नाहीत, हे अर्जात लिहिलेलं नाही. त्यांची तिसरी वाट तयार झाली. खिडकीशी पोहोचून त्यांनी पर्समधून फडकं काढलं आणि तावदान पुसायला घेतलं.

आता फडक्याचं वर्णन. निळ्या चौकटीच्या शर्टाच्या पाठीचा तुकडा, दीड हात लांब, एका टोकाला पुट्टीचा वाळलेला डाग. सासरे काच बसवली की याच फडक्याने पुसायचे. आधी कोरडं, मग तोंडाची वाफ देऊन, कोपऱ्यापासून आत गोल गोल. मध्यापासून सुरुवात केली तर ओरडायचे. हे फडकं सासूबाईंच्या पर्समध्ये अकरा महिने घडी करून होतं. मी तीनदा धुवायला मागितलं, दिलं नाही. मग मागायचं सोडलं.

पती त्या वेळी अंगणातून मागे जाऊन व्हॅनपाशी उभे होते. त्यांचं म्हणणं असं की, मातीच्या रंगाच्या खिडकीत वरच्या डाव्या कोपऱ्यात आधी रुपयाएवढं गोल दिसलं. मग बशीएवढं. मग पूर्ण तावदान, आणि तावदानात त्यांची आई. तिने बोट वर करून त्यांना, "टायरमध्ये हवा कमी आहे" असं खुणेने सांगितलं. हवा खरंच कमी होती. शिंक आली का, असं मी विचारलं, तर म्हणाले आली. त्यानंतर ते व्हॅनच्या मागे पाच मिनिटं उभे होते. शिंकेला पाच मिनिटं लागत नाहीत, पण तो या जबाबाचा विषय नाही.

आम्ही मधल्या खोलीत आलो तेव्हा जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता. सासूबाई दुसऱ्या तावदानाच्या अर्ध्यात होत्या. मला म्हणाल्या, "अगं, बघ, दिसतंय. पलीकडे झाड आहे, आपली गाडी आहे. नुसतं पुसलं असतं तर बघितलं असतं त्या दोघांनी." रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मॅनेजरनी शिट्टी वाजवली. शिट्टीने टेबलावरची धूळ उडाली, ती त्यांच्या फुंकरीने उडाली, आमच्या नाही, हेही लिहा.

मॅनेजर म्हणाले, "एकतीस वर्षं! एकतीस वर्षांची धूळ! ही कुठून आणायची परत?" मी म्हटलं, "आमच्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरून आणते. एक आठवडा मी झाडू खाली ठेवला तर पोतंभर मिळेल. चांगली, बारीक, हिशेबखात्याची धूळ आहे." ते म्हणाले, "थट्टा नको, मॅडम, ही ऐतिहासिक धूळ आहे." सासूबाई म्हणाल्या, "इतिहासात खिडक्या पुसत नव्हते का?" मॅनेजरनी त्यांच्या हातातून फडकं घेतलं. ओढलं नाही, ते खोटं बोलणार नाही. पण विचारलंही नाही. म्हणाले, यावरची धूळ संस्थेची मालमत्ता आहे. सासूबाईंचा हात तसाच पुढे राहिला. मी तो धरून त्यांना बाहेर आणलं.

आम्ही झाडाखाली डबा उघडला. सासूबाई जेवल्या नाहीत, पर्स उघडून बघायच्या, बंद करायच्या. दुपारी साडेतीनला मी पुन्हा तिकीट काढून आत गेले, फडकं मागायला. बघते तर पुसलेल्या तावदानासमोर रांग लागलेली. हेच मॅनेजर, हीच शिट्टी, लोकांना सांगत होते, "आणि ही आजच एका आजींनी पुसलेली काच! एकतीस वर्षांनंतर आत आलेलं पहिलं ऊन!" लोक उन्हाच्या चौकोनाचे फोटो काढत होते. बाजूला काचेच्या पेटीत आमचं फडकं घडी न करता ठेवलेलं. खाली पुठ्ठ्यावर शाईने लिहिलं होतं. मी जुळवून वाचलं, आजींचे फडके, मूळ धुळीसह.

साहेब, नुकसान झालं म्हणून अर्ज द्यायचा आणि त्याच नुकसानीची रांग लावायची, हे मला समजावून सांगा. मी चौथी शिकले आहे, पण एवढं तरी कळतं. मी मॅनेजरना म्हटलं, "पेटी उघडा." ते म्हणाले, "मालक परगावी आहेत, शुक्रवारी येतात. ते ठरवतील. पाहिजे तर आजींना आयुष्यभर तिकीट माफ." मी म्हटलं, "आयुष्यभर धूळ बघायला?" तिथे शब्दाला शब्द वाढला. मी त्यांच्या काठीला हात लावला, उचलली नाही. मग आम्ही सगळे इथे आलो. मॅनेजर आत्ता बाहेरच्या बाकावर बसले आहेत. ऐकू येत असेल तर येऊ दे.

मॅनेजरच्या अर्जाबद्दल विचारलं म्हणून सांगते. सासूबाई दोरीखालून पलीकडे गेल्या, त्यांनी दीड तावदान पुसलं, हे खरं आहे. त्याबद्दल माफी मागायची असेल तर मी मागते. त्यांना मागायला लावणार नाही. मला वाईट वाटलं का, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. नाही वाटलं.

आणखी एक. आम्ही इथे थांबलो असताना सासूबाईंनी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाल्या. मग ठाण्याची खिडकी बघून बबडीला म्हणाल्या, "शनिवारी आपल्या घरच्या काचा पुसायला काढू. किती घाण झाल्यात. तुझी आई दुनियेच्या पुसते, घरच्या कोणी पुसायच्या?" हा टोमणा मला होता. पूर्वी दिवसाला चार असायचे. अकरा महिन्यांतला हा पहिला. तो जसाच्या तसा लिहून घ्या.

वरचं सगळं हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी सासरे "मयत" असं लिहिलं होतं, ते खोडून मी "गेले" करायला लावलं. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली माझ्या हाताने सही करते, अंगठा नको.

मालक शुक्रवारी येतात म्हणे. त्यांना एक रात्र विचार करायला पुरे. धूळ त्यांची आहे, ती त्यांनी पेटीतच झटकून ठेवावी, आमचं काही म्हणणं नाही. पण फडकं देणार की नाही, याचं उत्तर मला शनिवारी सकाळी नऊच्या आत पाहिजे, कारण साडेनऊला सासूबाई खिडकीशी उभ्या राहणार आहेत. आणि परत देताना धुऊन देऊ नये. धुवायचं की नाही ते त्या ठरवतील.