शब्द नसलेली लबाडी

चिनी पंचांगातल्या भुतांच्या महिन्यात, मेलेल्यांच्या सणाला, म्हाताऱ्यांना फुकट तांदूळ वाटतात, त्या रांगेत याऊ मास्तर शाम शुई पो वस्तीतल्या मैदानावर उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत कॉपीबहाद्दर पकडले होते. तांदळाच्या पिशव्या शंभर आणि मास्तर एकशेएकावे. त्यांच्या पुढे शंभरावी जागा धरून नुसत्या चपला होत्या, आणि चपलांच्या पुढे दोन म्हाताऱ्या वाद घालत होत्या.

“फुंगताई, या चपला कुणाच्या गं?”

“आमच्या ह्यांच्या.”

“अगं, ते जाऊन तीन वर्षं झाली!”

“मग? सणच मेलेल्यांचा आहे. त्यांना नाही तर कुणाला तांदूळ?”

“ही शुद्ध लबाडी झाली.”

“कुठली? नाव सांग. परीक्षेत कॉपी केली की आपल्या बोलीत म्हणतो, मांजर काढलं. पत्त्यांत थाप मारली की कोंबडी चोरली. कामचुकार म्हणजे सापांचा राजा. मग मेलेला नवरा रांगेत उभा केला, तर कुठलं जनावर?”

“तसा शब्द नाही बाई आपल्यात.”

“शब्दच नाही, तर लबाडी कसली?”

“मग मीही आमच्या ह्यांच्या चपला आणते.”

“तुझा तर धडधाकट आहे, मुई! काही लाज?”

तेवढ्यात माणसं मोजणारा कार्यकर्ता जवळ आला.

“अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव...”

मास्तरांनी बूट काढून काखोटीला मारले आणि हळूच त्या चपलांत पाय सरकवले.

“शंभर! बस्स, संपलं.”

“अहो मास्तर! हे काय?”

“याला शब्द नाही, फुंगबाई.”