अप्पांविरुद्ध दिलेली साक्ष

बसा मंडळी, बसा. मागे दाराशी उभे आहात ते पुढे या, सतरंजीवर जागा आहे. पुढे बसलं की कीर्तनकार डोळ्यांत बघून बोलतो, म्हणून मागे राहता होय? या, निर्धास्त या! आज मलाच तुमच्या डोळ्यांत बघवणार नाहीये.

दानियलमामा, पेटी खालच्या सुरात घ्या. आज गळा वर जायचा नाही.

तर मंडळी, आजचा प्रश्न. देवाच्या गौरवासाठी थोडंसं खोटं बोललं, तर देवाला चालतं का? थोडंसंच हं! कुणाचा खिसा कापला नाही, कुणाचा बांध कोरला नाही. ऐकणाऱ्याचं मन द्रवावं, चार जीव प्रभूकडे वळावेत, म्हणून गोष्टीला जरा तिखटमीठ लावलं. चालतं? काय हो पंच, चालतं का? — बघा, मान हलत नाही! पंचांची मान अशी एकदम हलत नसते, आधी मीटिंग बसावी लागते!

*साक्ष देता जीभ माझी अडखळू दे रे प्रभू,*
*पण खऱ्याला सोडुनी ती ना वळू दे रे प्रभू...*

मंडळी, ऐका. आज आख्यान दुसऱ्या कुणाचं नाही. माझंच आहे.

आठ वर्षांपूर्वी याच देवळातून तुम्ही मला हार घालून नॉर्वेला पाठवलंत. ख्रिस्ती प्रशिक्षणाची शाळा — पाच महिने. तीन महिने वर्ग, दोन महिने गावोगाव सेवा. आपल्या मंडळीचा पहिला पोरगा परदेशी निघाला! एस्टी सुटेपर्यंत तुम्ही भजन म्हणत होता, आणि ढोलकी कोण वाजवत होतं? माझे वडील. बर्णबा वाघचौरे, तुमचे बर्णबाअप्पा. कंडक्टर घंटी मारून दमला, पण अप्पा थांबेनात!

आता नॉर्वे म्हणजे काय? डोंगर, पाणी आणि थंडी. दुपारी बाराला सूर्य डोंगराआडून तोंड दाखवणार आणि दोनला पुन्हा गायब. तीनला दिवे लावायचे. आणि जेवायला काय? बटाटा! सकाळी बटाटा, दुपारी बटाटा. रविवारी मेजवानी — बटाट्याबरोबर मासा, त्याला ना मीठ ना मिरची! सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून ते बटाटे सोलायचे. मी सोलता सोलता रडायचो. शेजारचा म्हणायचा, अरे सॅम, हे बटाटे आहेत, कांदे नव्हेत! शमुवेलचा तिथे सॅम झाला होता.

हसा, हसून घ्या. पुढे हसायला फारसं मिळायचं नाही.

त्या शाळेत दर शुक्रवारी एकेकानं साक्ष द्यायची. म्हणजे प्रभूनं माझ्या आयुष्यात काय केलं, ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. पहिल्या शुक्रवारी एडसन उठला. ब्राझीलचा, हा एवढा आडदांड गडी! गर्द विकायचा, तुरुंगात गेला, पोटात कुणीतरी सुरा खुपसला होता — सदरा वर करून व्रण दाखवला! तुरुंगातच प्रभू भेटला. अख्खा वर्ग उभा राहून टाळ्या!

दुसऱ्या शुक्रवारी मी. कागदावर लिहून नेलं होतं. माझा जन्म ख्रिस्ती घरात झाला. आईवडील प्रार्थना करणारे. मीही प्रार्थना करतो. आमेन! दोन मिनिटांत खेळ खलास. लोकांनी आपल्या सभ्य टाळ्या वाजवल्या, पोराच्या वाढदिवसाला वाजवतात तशा.

आमच्या शिक्षिका होत्या मारितबाई. फार चांगल्या बाई, त्यांना कुणी बोल लावू नका. त्या म्हणाल्या, "सॅम, छान होतं. पण प्रभूनं तुला कशातून बाहेर काढलं, ते काही कळलं नाही. पुढच्या वेळी कागद नको. मनातलं बोल."

कशातून बाहेर काढलं? मी विचार करकरून दमलो. मला कशातून काढायचं होतं हो? बापानं कधी एक चापट मारली नाही. दारू नाही, विडी नाही. दिवसभर गवंडीकाम करून आलेला माणूस, हात धुऊन ढोलकी घेऊन बसायचा आणि आम्ही भजनं म्हणायचो. अशा घरातून काय बाहेर काढायचं? आणि मला — सांगायला लाज वाटते — मला एडसनचा हेवा वाटला. त्याच्या पोटावरच्या व्रणाचा हेवा वाटला, मंडळी!

महिन्याभरानं पुन्हा माझी पाळी आली. कागद नाही. म्हटलं, अप्पांच्या ढोलकीबद्दल सांगावं. आणि इंग्रजी माझं कसं? तुम्हाला ठाऊक आहे, रडतखडत पास झालेलं! ढोलकीला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. ड्रम शब्द तोंडावर आला, पण ड्रम म्हटलं की मला मोरीतला निळा पाण्याचा ड्रम दिसतो. बाप ड्रम वाजवतो म्हणालो तर हसतील! म्हणून तो शब्द गाळला. म्हणालो, "माय फादर... एव्हरी इव्हनिंग... बीटिंग." माझा बाप रोज संध्याकाळी बडवायचा. "बीटिंग, बीटिंग, हात लाल होईपर्यंत. आई बसलेली. आम्ही पोरं बसलेली. आमच्या डोळ्यांत पाणी."

पाणी भक्तीचं होतं हो! पण वर्गात काय झालं? मारितबाईंनी तोंडावर हात धरला. एक पोरगी हुंदके द्यायला लागली. एडसन उठला, पुढे आला आणि एवढा आडदांड गडी मला कवटाळून रडायला लागला. "ब्रदर, ब्रदर! माझा बापही असाच होता रे!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे लोक काय समजलेत!

आता सांगा, त्या वेळी काय करायचं होतं? एक वाक्य! 'अहो, बाप आम्हाला नाही, ढोलकी बडवायचा.' सगळे पोट धरधरून हसले असते आणि विषय संपला असता. शब्द माझ्या ओठावर होता, आई शप्पथ होता! पण सगळ्यांचे हात माझ्या खांद्यावर होते. दीड महिना त्या थंडीत माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मी मान खाली घातली आणि गप्प बसलो.

खोटं तिथे जन्मलं, मंडळी. बोलून जन्मलं नाही, गप्प बसून जन्मलं.

आणि एकदा जन्मलं की ते वाढायला मागतं. सेवेला निघालो तर गावोगाव पहिली मागणी — सॅमची साक्ष ठेवा! लोक विचारायचे, वडील का मारायचे? का? कारण तर पाहिजे ना! मग मी अप्पांना दारू पाजली. ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही, त्याला मी पाजली! पुढच्या गावात कमरेचा पट्टा दिला हातात. आणि त्याच्या पुढच्या गावात... आई, तू ऐकतेयस ना? ऐक. तुझ्यापुढेच बोलायचंय मला.

माझ्या आईची करंगळी वाकडी आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. कशी झाली? म्हशीच्या दाव्यात अडकून मोडली. त्या दिवशी अप्पांनी तिला कडेवर उचलून दवाखान्यात नेलं होतं, वाटेत स्वतःच रडत होते. आणि मी तिथे, गोऱ्या लोकांपुढे, आपली करंगळी अशी वाकडी करून दाखवली आणि म्हणालो, "माझ्या बापानं मोडली." लोक ढसाढसा रडले. सतरा जण त्या दिवशी पुढे आले, गुडघे टेकले, प्रभूला शरण गेले. मला मी मोठा देवाचा माणूस वाटलो.

ती साक्ष कुणीतरी मोबाईलवर घेतली. शाळेनं चांगल्या मनानं, तुम्हालाही आनंद व्हावा म्हणून, आपल्या पाळकसाहेबांना पाठवली. पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेनंतर पडदा लावला. कुठे? इथेच. या खांबापासून त्या खांबापर्यंत. पुढे बाकावर अप्पा आणि आई, नवे कपडे घालून. पोरगा दिसणार ना पडद्यावर! मी इंग्रजीत एक वाक्य बोलायचं, पाळकसाहेबांनी मराठीत सांगायचं. अर्ध्यावर त्यांचा आवाज बसला. पण थांबवायचं कसं? साक्ष आहे! देवापुढे दिलेली! दहा आज्ञांमधली नववी, खोटी साक्ष देऊ नको, ही तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. देवापुढे उभं राहून कोण खोटं बोलेल?

बहिणीनं फोन केला मला. एस्तेरनं. "दादा, तू काय बोललास रे? अप्पा जेवले नाहीत. आईला म्हणाले, मी कधी तुला मारलं का गं? माझ्या लक्षात नसेल, तू सांग."

ऐकलंत? स्वतःवर संशय आला त्या माणसाला. कारण पोरगा खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच येईना.

पंचांनी बोलावलं. बसलेत ना इथे दोघंतिघं त्यातले? मान खाली घालू नका, मी भांडायला आलो नाही. विचारलं, "बर्णबा, हे खरं का?" अप्पा काय म्हणाले? नाही म्हणाले? म्हणायचा हक्क होता! ते म्हणाले, "पोरगं म्हणतंय तर असंल." बस! ढोलकी काढून घेतली. मंडळीबरोबर प्रभुभोजनाची भाकर घेणं बंद झालं.

आणि आई ओरडून ओरडून सांगत होती की हे सगळं खोटं आहे, त्यांनी मला कधी बोट लावलं नाही! तर बायका घरी यायच्या, तिची करंगळी हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असू दे बाई, किती सोसलंस! अजूनही नवऱ्याला पाठीशी घालतेस!" ती जितकं नाही म्हणेल तितकं तुम्हाला खरं वाटायचं!

मी मे महिन्यात परत आलो. एस्टी स्टँडवर अप्पा उभे. वाळले होते. बॅग त्यांनीच उचलली. मी म्हटलं, "अप्पा, मला बोलायचंय." म्हणाले, "जेवलास का?"

दुपारी ओट्यावर बसलो दोघं. मी सगळं सांगितलं — ढोलकीचं, त्या शब्दाचं, एडसनचं. पाय धरले. अप्पा ऐकून हसले हो! म्हणाले, "लेका, मला पंचांनी इचारलं, कुठली पीत व्हतास? मला एक नाव सांगता यीना! बोलणार काय?"

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"तू खोटं बोलला म्हणलो असतो, तर तुला पुन्हा कुणी उभं केलं असतं का? माझं काय, ढोलकी दुसरा कुणी वाजवंल."

मंडळी, हा अडाणी गवंडी! ज्यानं दुसऱ्याचं पाप अंगावर घेतलं आणि तोंड उघडलं नाही, त्याच्याबद्दल मी परदेशात तीन महिने वह्या भरून शिकलो होतो. आणि इथे ओट्यावर माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं ते केलं होतं!

मी म्हटलं, "अप्पा, येत्या रविवारी मंडळीपुढे सगळं सांगतो." अप्पा म्हणाले, "सांग."

रविवार आला. अप्पा शेवटच्या बाकावर, दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. आणि तुम्ही माझा सत्कार ठेवलेला! शाल, नारळ, हार. पाळकसाहेब म्हणाले, अशा घरातून प्रभूनं असं रत्न काढलं! मी उठलो. वीस मिनिटं बोललो. नॉर्वेचा बर्फ सांगितला, बटाटे सांगितले, तुम्ही पोट धरून हसलात. आणि मी खाली बसलो.

घरी जाताना अप्पा एवढंच म्हणाले, "आज येळ नाही मिळाला का रं?"

मी म्हटलं, "नाही, अप्पा."

पुन्हा कधी विचारलं नाही त्यांनी. तीन वर्षं जगले. आणि मी? मला कीर्तनाची आमंत्रणं यायला लागली. 'वाईट घरातून आलेला कीर्तनकार!' जालना, बीड, सोलापूर! प्रत्येक ठिकाणी मनाशी म्हणायचं, पुढच्या रविवारी नक्की आपल्या गावात सांगू. अप्पा गेले तेव्हा मातीला किती माणसं होती? अकरा. त्यातले सहा खोदणारे. कबरीशी प्रार्थना काय झाली? प्रभू, या पापी माणसाला क्षमा कर. मी तिथे उभा होतो आणि मी आमेन म्हणालो. म्हणालो मी आमेन!

दानियलमामा, पेटी थांबवा.

आता सगळे मनात मला शिव्या देताय. द्या! मी त्याच लायकीचा आहे. उद्यापासून मला कुठल्याही ओट्यावर उभं करू नका. पण मंडळी, एक विचारू? मी तर दूर होतो. तुम्ही इथे होता! पन्नास वर्षं तो माणूस तुमच्यात राहिला. तुमची घरं बांधली, तुमच्या पोरांच्या बारशाला वाजवलं. कधी त्याच्या तोंडाला वास आला होता? कधी त्याच्या घरातून रडणं ऐकलं होतं? मग परदेशातून आलेल्या एका मोबाईलच्या चित्रावर तुमचा विश्वास बसला, आणि पन्नास वर्षांच्या बर्णबावर बसला नाही? एकानं तरी उठून म्हणायचं होतं — पडदा बंद करा, पोरगा खोटं बोलतोय! मी गप्प बसलो ते टाळ्यांसाठी. तुम्ही कशासाठी गप्प बसलात?

अप्पांना आता कोण सांगणार? देवाला चालतं का, हे देवाला विचारायची माझी छाती नाही. पण एक माणूस अजून आहे, तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. आठ वर्षं ती खरं सांगतेय आणि आठ वर्षं तुम्ही तिची कीव करताय.

आई, ऊठ. ये इथे, माझ्या जागेवर उभी राहा. ही एकच साक्ष आज ऐकायची आहे, मग शेवटची प्रार्थना ज्याला करायची त्यानं करावी. बायांनो, तिला वाट द्या. आणि ती बोलत असताना कुणी तिचा हात धरून 'असू दे बाई' म्हणू नका.